जुनी एस्टीम: गरम झाली की रेस आपोआप चढते, टोलच्या रांगेत २५०० आरपीएम!

कंदीपेढा

नमस्कार मंडळी. गाडी मारुती एस्टीम व्हीएक्सआय, २००४ चं मॉडेल, पेट्रोल. बाबांनी नवी घेतली होती, पुनर्नोंदणी करून आता मी चालवतो. इंजिन अजून गोड आहे, तेल पीत नाही, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरात रोज मिळतो.

त्रास असा. सकाळी स्टार्ट केली की बाराशे-तेराशेवर धरते आणि थोड्या वेळात हळूहळू खाली येते. साताऱ्यात गावातल्या गावात फिरवली तर काही तक्रार नाही. पण पुण्याहून येताना खंबाटकी चढून पलीकडे उतरलो की खेळ सुरू. आनेवाडीच्या टोलला रांगेत क्लच दाबला की आरपीएम खाली यायचा सोडून वर जातो. २०००, कधी कधी २५००. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही. जरा वेळ उभं राहिलं की मग वर-खाली सुरू होतं: अकराशे, अठराशे, परत अकराशे, परत अठराशे. शेजारच्या गाडीतले लोक वळून बघतात, त्यांना वाटतं हा शर्यत लावायला बोलावतोय.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून झाली, प्लग बदलले, एअर फिल्टर नवा टाकला. फरक नाही. उलट साफसफाईनंतर आयडलिंग (पाय न देता चालणारी रेस) थोडं चढलंच आहे. आता गॅरेजवाले म्हणतात ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, जुन्या गाडीचा काढलेला टाकू, दहा-बारा हजार होतील. टाकू का? टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेनंही तेल पाझरतंय, तिथलं पॅकिंग बदलायचं आहेच, पण तो वेगळा विषय.

फुकटचा_सल्ला

आधी पायाखालचं मॅट बघा. हसू नका. जाड रबरी मॅट सरकून पेडलखाली अडकतं आणि लोक ईसीएमपर्यंत जाऊन येतात.

कंदीपेढा

मॅट काढून ठेवलंय. तरी तसंच.

जुना_पाना

ईसीएमला हात लावू नका. दहा हजार खिशातच राहू द्या.

पेट्रोल इंजिनाची रेस पेट्रोलने चढत नाही, हवेने चढते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो म्हणजे पेट्रोल सोडत नाही, थ्रॉटलची चकती उघडून हवा आत सोडतो. एस्टीमसारख्या गाडीत मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर असतो, मॅप म्हणतात त्याला. हवा आली की दाब वाढतो, तो बघून ईसीएम तेवढं पेट्रोल मोजून देतो. हवा तुमच्या पायाने आली की कुठल्या भोकातून, त्याला कळत नाही. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या गाड्यांत चोरून आलेली हवा मोजणीतच येत नाही, म्हणून ती गाडी आचके देते, मिसिंग करते. मॅपवाली गाडी मात्र गुमान रेस वाढवते. तुमची तेच करतेय.

तेव्हा प्रश्न एवढाच, की पाय वर असताना जास्तीची हवा येते कुठून. वाटा मोजक्याच आहेत. एक, थ्रॉटलची चकती पूर्ण मिटत नाही: केबल ताणलेली, स्प्रिंग मेलेली, नाहीतर कोणीतरी स्टॉप स्क्रू फिरवलेला. दोन, आयडलिंगची हवा सोडणारा आयएसी व्हॉल्व्ह उघडा अडकला. तीन, मॅनिफोल्डला जोडलेला एखादा पाईप नाहीतर पॅकिंग फुटलंय. आणि चार, गाडीला वाटतंय इंजिन अजून थंडच आहे, म्हणून ती स्वतःहून हवा सोडतेय. तेव्हा कूलंट किती आहे आणि तापमानाचा सेन्सर काय सांगतो तेही बघायचं.

आता मला सांगा. बोनेट उघडून हाताने थ्रॉटलचा दांडा मागे ढकलला तर रेस पडते का? एसी लावल्यावर काय होतं? ब्रेक दाबून धरला तर आरपीएम हलतो का, फुस्स आवाज येतो का? कूलंटची बाटली भरलेली आहे का, की नुसतं नळाचं पाणी?

घाटमाथा

+१. आणि रेस वर-खाली होते त्याचं कारण मजेशीर आहे. पाय वर असताना आरपीएम ठराविक मर्यादेच्या वर दिसला की ईसीएमला वाटतं गाडी गियरमध्ये उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडला की परत सोडतो. हवा मात्र आत येतच असते, त्यामुळे परत चढतो, परत तोडतो. म्हणजे हा ईसीएम शुद्धीवर असल्याचा पुरावा आहे. बिघडल्याचा नाही.

पद्मिनीवाले_काका

आमच्या वेळी हे फार सोपं होतं बाबांनो. पद्मिनीला सोलेक्स कार्ब्युरेटर, डॅशबोर्डला चोकची खुंटी. रेस चढली की आधी चोक बघायचा, वायर अडकून अर्धाच आत गेलेला असायचा. नाहीतर रिटर्न स्प्रिंग तुटलेली. माझी एकदा बोरघाटात तुटली. बॅगेच्या पट्ट्याचं रबर बांधून दादरपर्यंत आलो. आता त्या पेटीत काय चाललंय कोणाला दिसत नाही.

आणि एक, किल्ली काढली तरी इंजिन धडधडत राहायचं. चेंबरमधला कार्बन लाल व्हायचा आणि ठिणगीशिवायच पेटवायचा. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल यायचं ते येतच राहायचं. इंजेक्शनच्या गाडीत ते होत नाही, इंजेक्टर बंद म्हणजे बंद.

मिशिगनकर

धाग्याचा विषय आयडलिंगचा आहे, पण धावत्या गाडीत रेस अडकली तर काय, तेही इथे असू द्या. अमेरिकेत याच्यावर दोनदा मोठं रणकंदन झालं. १९८० च्या दशकात ऑडी ५००० बद्दल, आणि २००९-१० मध्ये टोयोटाबद्दल. दुसऱ्या वेळी सरकारने नासाच्या इंजिनिअरांना बसवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला: गाडी भन्नाट सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. दोष मेकॅनिकल होते. पेडल चिकटणं आणि मॅट अडकणं. ऑडीच्या वेळीही १९८९ च्या सरकारी अहवालाचा मुख्य रोख चुकीचं पेडल दाबलं जाण्यावर होता. तेव्हा फुकटच्या सल्ल्याला हसू नका.

प्रसंग आलाच तर: क्लच दाबा किंवा न्यूट्रल करा, इंजिन किंचाळलं तर किंचाळू द्या. ब्रेक एकदाच, जोरात आणि दाबून ठेवा, पंप करू नका. थ्रॉटल उघडा असेल तर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम उरत नाही आणि ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधली शिल्लक दोन-चार दाबांत संपते. मग पेडल दगडासारखं लागतं. किल्ली बंद करायचीच तर गाडी कडेला थांबल्यावर. चालत्या गाडीत किल्ली लॉकपर्यंत फिरवली तर स्टिअरिंग अडकेल.

कंदीपेढा

जुना_पाना, थंड गाडीवर जेवढं बघता आलं तेवढं पाहिलं. केबलला थोडी ढील आहे, दांडा हाताने ढकलला तर आणखी मागे जात नाही. कूलंट हिरवंच आहे आणि खुणेपर्यंत आहे. ब्रेक दाबल्यावर फुस्स नाही. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबलं आणि दाबून धरून स्टार्ट केली, तर पेडल किंचित खाली गेलं. कुठल्याशा व्हिडिओत असं बघायला सांगितलं होतं.

एसीचं मात्र विचित्र आहे. इंजिन गरम असताना एसी लावला की ते वर-खाली थांबतं. आरपीएम चौदाशेला स्थिर राहतो.

जुना_पाना

बूस्टर ठीक. पेडल खाली गेलं म्हणजे तिथे व्हॅक्यूम पोचतो.

एसीचंही विचित्र नाही. कॉम्प्रेसरचं ओझं आलं, जास्तीची हवा कामाला लागली, आरपीएम पेट्रोल तोडण्याच्या मर्यादेखाली आला. खेळ थांबला. हवा जास्त आहे हेच त्यातून दिसतं.

ओहम_शांती

मी पुण्यात याच क्षेत्रात आहे, म्हणून इलेक्ट्रिकलचं सांगते. तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरने घरी तपासता येतो. कनेक्टर काढून दोन पिनांमधला रोध मोजायचा. अशा सेन्सरचा २० अंशांना साधारण अडीच किलोओहम येतो आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. गरम इंजिनावर हजारांत आकडा आला तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि ईसीएम थंडी समजून रेस वाढवतोय. कनेक्टरची हिरवी पडलेली पिनसुद्धा हाच उद्योग करते.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरला पाय वर असताना अर्ध्या व्होल्टच्या जवळपास यायला हवं आणि दांडा सावकाश उघडला की आकडा कुठेही उडी न मारता चढत गेला पाहिजे.

बाजारातला पाचशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊ नका, तुमच्या गाडीशी तो बहुधा बोलणारच नाही. आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष स्कॅनरला सांगायची सोय) सक्तीचं झालं ते बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने. बऱ्याच जुन्या सुझुकी गाड्यांत वेगळी सोय असते: डायग्नोसिसच्या कनेक्टरमधली ठरलेली पिन अर्थ केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. १२ आला म्हणजे नोंदलेला दोष काही नाही. पण कोणती पिन ते मॅन्युअल बघूनच करा, अंदाजाने वायर खुपसू नका. त्यापेक्षा जुन्या मारुतींचा स्कॅनर असलेला इलेक्ट्रिशियन गाठा. आणि नुसते कोड नका बघू, गाडी गरम असताना आयएसी किती उघडा आहे तो आकडा बघायला सांगा. खरी गोष्ट तिथे कळेल.

सँट्रो_सुंदरी

माझ्या २००६ च्या सँट्रोचीही रेस चढते! चौथ्यात ओव्हरटेकला दाबलं की आवाज वाढतो पण गाडी पळत नाही. मीही थ्रॉटल साफ करू का?

घाटमाथा

ताई, ती क्लच प्लेट. तुमची रेस तुमच्याच पायाने चढतेय, चाकांपर्यंत पोचत नाही एवढंच. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला चौथा टाकून पूर्ण दाबा. आरपीएम भसकन वर गेला आणि वेगाचा काटा जागेवर राहिला तर प्लेट घसरतेय. घाटात जळका वास येत असेल तर तपासायचीही गरज नाही.

सँट्रो_सुंदरी

वास येतो. :( धन्यवाद.

बोलेरोतला_बाळू

डिझेलचं पण लिहा की कोणीतरी.

जुना_पाना

डिझेलमध्ये हवा मोकळीच असते, रेस इंधनाने चढते. त्यामुळे तिथलं गणित उलटं. पंपाचं गव्हर्नर, अडकलेला रॅक हे आहेच. पण भीतीदायक प्रकार म्हणजे टर्बोचं सील जाऊन इंजिन ऑइलच आत ओढलं जाणं. मग किल्ली बंद केली तरी इंजिन स्वतःचं तेल जाळत चढत राहतं, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. गाडी उभी असेल तर वरचा गियर, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन मारायचं. नाहीतर हवेचं तोंड फळीने दाबायचं. हाताने किंवा फडक्याने अजिबात नाही, ओढून घेतं. आणि जमलं नाही तर सरळ लांब पळायचं. ज्याला हवं त्याने वेगळा धागा काढा, इथे एस्टीम चालू द्या.

हरित_क्रांती

सगळं मान्य, पण मूळ कारण कोणी बोलतच नाही. इथेनॉल! २० टक्के मिसळल्यापासून जुन्या गाड्यांची रबरं खलास होतायत. माझ्या भावाच्या झेनचा पेट्रोलचा पाईप चिकट झाला.

ओहम_शांती

पेट्रोलच्या पाइपांबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. २००४ च्या गाडीतली इंधनाची रबरं ई२० गृहीत धरून बनवलेली नव्हती, ती तपासत राहायला हवीत. पण पेट्रोल गळेल त्याने वास येईल, आग लागेल. आयडलिंगला रेस चढणार नाही. व्हॅक्यूमच्या पाइपांतून पेट्रोल वाहत नाही, हवा आणि तेलाची वाफ जाते. बोनेटखालच्या उष्णतेत वीस वर्षं काढल्यावर त्यांना कडक व्हायला इथेनॉलची गरज नसते.

हरित_क्रांती

तुम्ही कंपन्यांतले लोक असंच म्हणणार.

ओहम_शांती

बरं.

कंदीपेढा

एका इलेक्ट्रिशियनकडे जुना स्कॅनर मिळाला. त्यांना म्हटलं थंड गाडी नको, आधी चक्कर मारू. यवतेश्वरचा घाट चढून आलो, बोनेट न उघडता स्कॅनर लावला.

कोड एकही नाही. पाण्याचं तापमान ९२ दाखवतंय, म्हणजे सेन्सर बरोबर. थ्रॉटल बंद दाखवतोय. आणि ताई, तुम्ही म्हणालात ते: आरपीएम १६०० आणि आयएसी जवळजवळ शून्यावर! ते गृहस्थ म्हणाले, "हा तर बंद करून बसलाय, हवा दुसरीकडून येतेय."

जुना_पाना

झालं. ईसीएमने आपल्या हातातली खिडकी लावून घेतली, तरी घरात वारा येतोय. आता फट शोधायची.

तुम्ही पहिल्याच प्रतिसादात एक वाक्य लिहून सोडून दिलंत, ते माझ्या डोक्यातून जात नाही. टॅपेट कव्हरच्या कडेनं तेल पाझरतं म्हणालात. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस कायम खाली उतरतो. तो क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोटातून) ओढून घेऊन परत जाळायला मॅनिफोल्डमध्ये आणतात, त्यासाठी टॅपेट कव्हरवर पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्यापासून मॅनिफोल्डपर्यंत बोटाएवढा रबरी पाईप. तो पाईप फुटला की दोन गोष्टी एकदम होतात. मॅनिफोल्ड बाहेरची हवा ओढतो, रेस चढते. आणि क्रँककेस ओढली जात नाही, आतला दाब वाढून तेल पॅकिंगमधून वाट काढतं. दोन वेगळे विषय नाहीत हे, एकच असावा.

गाडी गरम आणि रेस चढलेली असताना करायचं. पक्कडीच्या दोन्ही जबड्यांना कापड गुंडाळा. मॅनिफोल्डला जाणारा एकेक पाईप हलक्या हाताने चिमटीत दाबा आणि आरपीएम ऐका. ज्याला दाबल्यावर रेस पडेल तो चोर. दाबायचं ते मॅनिफोल्डच्या अगदी जवळ. पंखा आणि बेल्टपासून बाही, ओढणी, मोबाईलची दोरी लांब ठेवा.

उदबत्ती_एक्सप्रेस

पक्कड कशाला? उदबत्ती लावून फिरवा पाइपांवरून. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे फट.

मिशिगनकर

पेट्रोल गाडीच्या उघड्या इंजिनावर पेटती उदबत्ती? गॅरेजमध्ये धूर सोडायचं मशीन वापरतात ते इंजिन बंद ठेवून, आणि त्यात निखारा उघडा नसतो. कार्ब क्लीनर फवारण्याचाही सल्ला लोक देतात. गरम एक्झॉस्टवर पडला तर तोही भडकतो. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या, फटीवर पाणी पडलं की क्षणभर आवाज बदलतो. वायरिंग आणि इग्निशनचे भाग टाळा.

उदबत्ती_एक्सप्रेस

आमच्याकडे वीस वर्षं असंच करतात, कोणी जळलं नाही. हलके घ्या.

पद्मिनीवाले_काका

आमच्याकडे एक जळला होता. भुवया परत आल्या.

कंदीपेढा

सापडला!!

रविवारी लिंबाच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो, घरासमोर उभी केली. रेस खेळतच होती. ब्रेक बूस्टरचा पाईप दाबला, काही नाही. मॅप सेन्सरचा बारीक पाईप कोणी दाबू नका असं ताईंनी मेसेजमध्ये सांगितलं होतं, तो सोडला. मग टॅपेट कव्हरवरून येणारा पाईप. व्हॉल्व्हच्या बाजूला दाबला तर फरक नाही. मॅनिफोल्डच्या टोकाला दाबला आणि आरपीएम अठराशेवरून धपकन खाली. सोडला की वर, दाबला की खाली. आई गॅलरीतून विचारत होती काय चाललंय.

गार झाल्यावर पाईप काढला. वरून बघाल तर नवा वाटेल. पण वळणाच्या खालच्या अंगाला, जिथे बोनेट उघडून कधीच दिसणार नाही तिथे, नखाएवढी लांब चीर. थंड असताना ओठ मिटल्यासारखी बंद. पाईप थोडा वाकवला की आतलं दिसतं. आतून तेल पिऊन रबर फुगलंय, बोटाने दाबलं तर लोण्यासारखं. व्हॉल्व्ह हलवून पाहिला, खुळखुळ वाजतो, म्हणजे तो चालू असावा?

जुना_पाना

वाजतोय म्हणजे निदान चिकटलेला नाही. कार्ब क्लीनरने धुऊन परत लावा, नाहीतर नवाच घ्या, महाग नसतो.

थंड गाडीवर का दिसत नव्हतं तेही बघा. सकाळी ईसीएमला स्वतःलाच बाराशे-तेराशे हवे असतात, चिरेतली हवा त्या हिशेबात खपून जाते. गावात रबर तेवढं तापत नाही. घाट चढून बोनेटखाली भट्टी झाली की रबर मऊ पडतं, आत व्हॅक्यूमची ओढ, आणि चीर उघडते.

नवा पाईप घेताना एक काळजी. मूळ पाईप वळणासकट साच्यातून काढलेला असतो. दुकानदार मीटरवर कापून सरळ पाईप देईल. तो वळणाला मुडपतो आणि आतून मिटतो, मग रेस जाईल पण तेल पाझरायचं थांबणार नाही. वळणाचा मिळाला नाही तर तेलाला टिकणारा, जाड भिंतीचा घ्या. एम-सील, इन्सुलेशन टेप हे प्रकार नकोत.

कंदीपेढा

मूळ पार्ट साताऱ्यात मिळाला नाही, पुण्याहून मागवला. वळणाचाच. दोन्ही टोकांना नव्या क्लिपा. घाट चढून आलो: वर-खाली पूर्ण बंद, टोलला अडीच हजार वगैरे काही नाही.

पण गरम गाडी उभी असताना अकराशेला अडते. त्याखाली येत नाही. आता?

घाटमाथा

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग चढलं असं तुम्ही सुरुवातीलाच लिहिलं होतं ना? स्टॉप स्क्रूचं डोकं बघा. कंपनीतून त्यावर रंगाचा ठिपका असतो.

बहुतेक असं झालं असणार. कधीतरी कार्बन साचून गाडी सिग्नलला बंद पडायची. कोणीतरी साफ करायच्या ऐवजी स्क्रू आत फिरवून चकती जरा उघडी ठेवली. बंद पडणं थांबलं, बिल झालं. आता कार्बन गेला आणि स्क्रू तिथेच राहिला.

कंदीपेढा

ठिपका मधोमध तुटलाय, आणि खाचेत पेचकसाचे चकचकीत ओरखडे. तरीच परवा दांडा आणखी मागे जात नव्हता, स्क्रूलाच टेकला होता. कोणी केलं देव जाणे, गाडी या वर्षांत बऱ्याच हातांखालून गेली.

ओहम_शांती

घरी फिरवू नका, निदान स्कॅनरशिवाय नको. स्क्रू बाहेर घेताना थ्रॉटल सेन्सरचं बंद स्थितीतलं व्होल्टेज बदलतं. ते खूप खाली गेलं किंवा चकती भिंतीला घासायला लागली तर ती चिकटायची भीती असते. चकती भिंतीला न चिकटता जवळजवळ मिटलेली, सेन्सर मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि उरलेली हवा आयएसीने द्यायची. गरम इंजिनावर सातशे-आठशेच्या घरात आयडलिंग आणि आयएसीला दोन्हीकडे हलायला जागा उरलेली, असं बसलं पाहिजे.

कंदीपेढा

त्याच इलेक्ट्रिशियनकडे केलं, स्कॅनर लावून. स्क्रू पाऊण फेरा बाहेर आला. गरम, एसी बंद, ८२० ला शांत उभी. एसी लावला की नऊशेच्या पुढे जाऊन थांबते. हेडलाइट लावले, पंखा चालू झाला, किंचित दचकते आणि सावरते.

एकच शंका. गाडी धावत असताना क्लच दाबला की आरपीएम पंधराशेला थोडा रेंगाळतो, गाडी थांबली की मगच आठशेला येतो. हे ठीक आहे का?

फुकटचा_सल्ला

नाही. अजून कुठेतरी फट आहे. इनटेकचं पॅकिंग बघा.

ओहम_शांती

ठीक आहे. गाडी हलतेय हे स्पीड सेन्सरवरून कळतं, तोवर बऱ्याच गाड्या आयडलिंग मुद्दाम वर धरतात, म्हणजे क्लच दाबल्या दाबल्या इंजिन गचकून बंद पडत नाही. फट असती तर थांबल्यावरही राहिली असती, आणि आयएसी परत शून्याकडे गेला असता.

फुकटचा_सल्ला

माझ्या एस्टीमची नव्हती अशी.

जुना_पाना

तुमची कार्ब्युरेटरची असेल. ९९ च्या आधीची?

फुकटचा_सल्ला

९७ ची.

जुना_पाना

मग बरोबर आहे दोघांचं.

कंदीपेढा, टॅपेट कव्हरचं पॅकिंग लगेच बदलू नका. आधी कडा पुसून कोरडी करा आणि चार-पाचशे किलोमीटर चालवा. आतला दाब गेलाय, पाझर आपोआप थांबला तर ते पैसे वाचतील. मात्र प्लगच्या खड्ड्यांत तेल उतरलंय का ते प्लग काढून बघाच. उतरलं असेल तर आतली सीलं गेलीत, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही, प्लगच्या कॅपा तेलात भिजल्या की मिसिंग सुरू होईल.

कंदीपेढा

तीन खड्डे कोरडे. चौथ्यात तेल आहे, बोट बुडेल एवढं. पॅकिंग सेट सीलसकट मागवतोय. कंपनीचाच घ्यावा की बाजारातला चालेल?